हौद भरला त्या वर्षी

ज्या भागात रेल्वे नव्हती तिथं आमच्या शाळेची घंटा रुळाच्या तुकड्याची होती. कुण्या जुन्या मिशनरी साहेबांनी तो तुकडा बैलगाडीत घालून आणवला आणि बोर्डिंगच्या ओट्यापुढच्या कडुनिंबाला साखळीने टांगला, असं सांगत. पहाटे तो वाजला की मुली उठायच्या, पुन्हा वाजला की प्रार्थनेला बसायच्या, आणि त्यानंतर वाजला की ताटं घेऊन ओळीने उभ्या राहायच्या. आमच्यातल्या कित्येकींनी आगगाडी पाहिली ती पुढे लग्नं झाल्यावर, आणि काहींनी अजूनही पाहिलेली नाही. पण रूळ कसा वाजतो ते आम्हाला झोपेतही सांगता आलं असतं. त्या आवाजापाठोपाठ ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा, मग माझ्या आईचा आवाज. आई बोर्डिंगची सुपरिंटेंडेंट होती आणि सगळे तिला बाई म्हणत. कामाच्या वेळात मीही बाईच म्हणायचे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण बोर्डिंगच्या चुलीपाशी उभी असताना ती माझी एकटीची आई नसे, हे मला लवकर कळलं होतं.

आमचं मिशन कंपाउंड बीडहून वडवणीकडे जाणाऱ्या रस्त्याला, गाव संपल्यावर लागायचं. पत्र्याचं चर्च, शाळा, मुलींचं बोर्डिंग, आमचं तीन खोल्यांचं घर, आणि मधोमध कुलूप लावलेला मोठा बंगला. बंगल्यात पूर्वी मिशनरी राहायचे. ते माझ्या जन्माआधीच मायदेशी परतले, तरी बंगला दर शनिवारी झाडला जायचा. न जाणो, आले तर. अधूनमधून परदेशातल्या मंडळाचे पाहुणे येत, एक झाड लावत, झाडाशी आपल्या नावाची संगमरवरी पाटी बसवत आणि फोटो काढून जात. झाडं शेळ्या खायच्या. पाट्या शेळ्यांना खाता येत नाहीत, त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्या कंपाउंडात झाडांपेक्षा पाट्या जास्त होत्या. मी अक्षरओळख त्यांच्यावर केली. अजूनही एखाद्या समारंभात कुणी कोनशिलेवरचा पडदा ओढला की मला शेळी आठवते.

बाबा चर्चचे पाळक होते. आम्ही बॅप्टिस्ट. याचा अर्थ गावात कुणालाच ठाऊक नव्हता, आणि ख्रिस्ती नातेवाइकांनाही आम्ही जरा हट्टी वाटायचो. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून आमच्यात बाप्तिस्मा होत नाही. मूल मोठं होतं, त्याला समजतं, मग त्याने स्वतः उठून मागायचा. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेत उभं राहून साक्ष द्यायची, मंडळी प्रश्न विचारते, हात वर करून मत देते, आणि मत मिळालं तरच पाळक त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतो. बाबा दरवर्षी एकदा तरी सांगायचे, "ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल ख्रिस्ती नसतं. ते फक्त मूल असतं." हे सांगताना ते माझ्याकडे मुळीच पाहत नसत, आणि त्यामुळे बाकीचे सगळे पाहायचे.

बोर्डिंगमधल्या मुली मात्र बहुतेक हिंदू, ऊसतोड करणाऱ्यांच्या. दिवाळी झाली की आईबाप मुकादमाच्या ट्रकमधून कारखान्याकडे जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. मुलगी बोर्डिंगमध्ये असली तर शाळेत टिकायची. नसली तर तीही फडात जायची, मोळ्या बांधायची, आणि एकदा फडात गेलेली मुलगी पुढच्या वर्षी लग्न होऊनच दिसायची. आईचा सगळा धर्म या एका गोष्टीत सामावलेला होता असं मला वाटतं. ती प्रार्थना करायची, पण डोळे उघडे ठेवून, आणि त्या वेळी ती मुली मोजायची.

मंगल यांतलीच. माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर, दहावीला. तिचा बाप किसन आठव्या इयत्तेपासून तिला आमच्याकडे सोडत आला होता. ती गणितात माझ्या पुढे होती आणि बोलण्यात सगळ्यांच्या. आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईने केलेला शेंगदाण्याचा ठेचा ती भाकरीवर थापायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्या देवाला तिखट चालतंय ना? का त्यो बी सायबावानी फिक्कं खातो?" आई तिला दम द्यायची आणि आणखी भाकरी वाढायची. दहावी झाली की अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं, असं दोघींचं ठरलं होतं. मंगलला ते आवडत होतं की आईला, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आला तो एखाद्या मंत्र्यासारखा, रस्त्यावरून न थांबता गेला. कंपाउंडातली विहीर पोळ्याआधीच तळाला लागली आणि मुली शाळा सुटल्यावर ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून घागरी आणू लागल्या. त्याच दिवसांत मिशनचे सेक्रेटरी शहरातून जीपने आले. सफारी सूट, खिशाला दोन पेनं. परदेशातल्या मंडळाचं आणि आमचं जे काही बोलणं व्हायचं ते या गृहस्थांच्या तोंडून. बाबांनी त्यांना आमच्या घरातल्या एकमेव हाताच्या खुर्चीत बसवलं. ते म्हणाले की देशात सगळं बदलतं आहे, बाजार खुला झाला आहे, नव्या कंपन्या येत आहेत, आणि परदेशातलं मंडळही आपल्या कामाची दिशा नव्याने ठरवत आहे. दसऱ्याच्या सुमारास तिकडचे मोठे साहेब स्वतः येतील, बोर्डिंग पाहतील आणि निर्णय घेतील.

"बंद करणार का?" आईने विचारलं.

"बाई, बंद हा शब्द आम्ही वापरत नाही."

"मग काय म्हणता?"

"टप्प्याटप्प्याने हस्तांतर."

"कुणाला?"

सेक्रेटरींनी चहा संपवला. पुढे माझ्या नोकरीच्या काळात मी या भाषेतले पुष्कळ कागद वाचले आणि काही लिहिलेही. तिच्यात क्रियापदाला कर्ता नसतो, एवढंच तिचं व्याकरण आहे.

जीप गेल्यावर बाबा ओट्यावरून उठले. मग चर्चमध्ये गेले आणि पुलपिटाखालच्या, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याखालच्या, फळ्या उचलू लागले. त्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद होता, सिमेंटचा, उतरायला पायऱ्या असलेला. कित्येक दिवसांत त्याला पाणी लागलं नव्हतं. त्यात नाताळचा चांदणीचा सांगाडा, मोडके बाक आणि मंडळीतल्या कुणाची तरी ज्वारीची पोती ठेवलेली होती. बाबांनी ते सगळं बाहेर काढलं, तडे बुजवायला गवंडी बोलावला, आणि वडवणीहून टँकर ठरवला. मला काही सांगितलं नाही. आईला म्हणाले, "साहेब येतील तेव्हा मंडळी जिवंत आहे हे दिसलं पाहिजे. नुसत्या भिंती पाहून कोण काय ठरवणार?"

मंडळीत पाण्यात उतरायच्या वयाचं, अजून न उतरलेलं माणूस एकच होतं. बोर्डिंगच्या मुलींचा प्रश्नच नव्हता. त्यांना प्रार्थनेला बसवताना सुद्धा आई घरच्यांना विचारायची. त्यामुळे हौद कुणासाठी धुतला जातोय हे कंपाउंडात सगळ्यांना कळलं, आणि ते मला कळलंय हे बाबांना कळलं, आणि तरीही आम्ही दोघं जेवताना भाजीत मीठ कमी आहे की बरोबर आहे एवढंच बोलत राहिलो. आयुष्यभर ज्यांनी सांगितलं की कुणाच्या सांगण्यावरून पाण्यात उतरायचं नाही, ते मला उतर असं सांगू शकत नव्हते. ते फक्त हौद भरू शकत होते. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. दोन्ही एकाच घासाबरोबर.

आईला अशा अडचणी नव्हत्या. तिने मांजरपाट आणून पांढरा पायघोळ झगा शिवायला घेतला. बाप्तिस्म्याच्या झग्याची एक खुबी असते: पाण्यात तो फुगून वर तरंगू नये म्हणून काठाच्या दुमडीत खडे शिवतात. मी शेजारी बसून खडे निवडत होते. ती मशीन थांबवून म्हणाली, "शीला, मी स्पष्ट विचारते. तुझ्या बाबांना जमणार नाही."

"माझं अजून ठरलं नाही, आई. मला काही वाटतच नाही. लोक सांगतात तसं."

"मला तरी रोज कुठे वाटतं." तिने दोरा तोडला. "तू पाण्यात उतर. बोर्डिंग मार्चपर्यंत टिकलं पाहिजे, मंगलची परीक्षा झाली पाहिजे. खोटं बोललीस तर देव समजून घेईल. बोर्डिंग बंद पडलं तर किसन नाही घेणार."

एखादा धर्मपंडित यावर मोठं पुस्तक लिहील. मला अजूनही तिच्या म्हणण्यात चूक सापडलेली नाही, फक्त ते मला जमलं नाही.

मंगलला मी विचारलं, कारण हे सगळं शेवटी तिच्यासाठी चाललं होतं. आम्ही ओढ्याकडून घागरी घेऊन येत होतो. ती थांबली, चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "उतर की मग. कावून एवढा इचार करतीस? डोकं वलं हुतंय तेवढंच."

"तसं नसतं ग. सगळ्यांपुढे सांगावं लागतं की माझ्या मनाने उतरतेय."

"मंग सांग."

"आणि नसेल मनात तर?"

तिने डोक्यावरची घागर सावरली. मग म्हणाली, "आमी रोज एवढं लांबून पानी आणतो आन तुला पान्यात बुडायचं हाय तर तुझं मन न्हाई. शीले, तुमचा धर्म लई अवघड हाय बाई." पण पुढे पांदीपाशी आल्यावर, माझ्याकडे न बघता, "माझ्यासाठी नको उतरू. उद्या तू माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलंस तर मला सोसायचं न्हाई."

मोठे साहेब आले ते उंच, थकलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. खरं तर मला ते खडूस निघायला हवे होते. त्यांच्याबरोबर बाटलीत बंद केलेलं पाणी होतं, खोकी भरून. विकत घेतलेलं पाणी आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रिकाम्या बाटल्यांसाठी मुलींची भांडणं झाली. भिंतींना चुना लागला होता, रस्त्याच्या कडेचे दगड गेरूने रंगवले होते, स्वागतगीत झालं, हार झाले, नव्या कंपनीचं थंड पेय झालं. आईने एका जुन्या मिससाहेबांनी शिकवला तसा, तापल्या वाळूवर डबा ठेवून केक केला. साहेबांनी बोर्डिंगची खोली न् खोली पाहिली, मुलींच्या पेट्या पाहिल्या, वह्या पाहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी इतकं मनापासून कौतुक केलं की आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आपण जरा जास्तच झाडलं का ग?"

शनिवारी दुपारी मंडळीची सभा भरली. पुलपिटाखालच्या फळ्या काढलेल्या, हौद काठोकाठ भरलेला. पत्र्यावरच्या उन्हाची तिरीप पाण्यावर पडून भिंतीवर हलत होती. बाहेर बोर्डिंगच्या मुली खिडक्यांना लटकल्या होत्या, आणि मला खात्री आहे, त्या मला बघत नव्हत्या, पाण्याला बघत होत्या. पहिल्या बाकावर साहेब, त्यांच्या कानाशी सेक्रेटरी भाषांतराला. प्रश्न विचारायचं काम मंडळीचे कारभारी, डीकन दाविदरावांचं. ते पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि बाप्तिस्मा मागणाऱ्या प्रत्येकाकडे ते मुद्देमालासह सापडलेला इसम म्हणून बघायचे. माझं शीला हे नाव माझ्या जन्माच्या वेळी त्यांनीच सुचवलेलं, तरी त्यांनी विचारलं, "नाव?"

सांगितलं.

"पाप म्हंजे काय?"

तेही सांगितलं. तोंडपाठ होतं.

"हे पाऊल कुनाच्या सांगन्यावरून उचलतीस?"

हा आमच्यातला शेवटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: कुणाच्याही नाही, माझ्या मनाने. मी न्हाणीघरात ते म्हणून पाहिलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. ते प्रार्थना करत होते एवढं नक्की. पण मी ते वाक्य म्हणावं म्हणून की म्हणू नये म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे विचारायचा धीर झाला नाही. आता ते नाहीत.

"पाहुण्यांसाठी," मी म्हणाले. माझाच आवाज पत्र्यावरून परत आला. "आणि बोर्डिंगसाठी."

"म्हंजे मनानं न्हाई?"

"मन अजून ठरलं नाही, काका."

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, ते सावरून घेतील. गावातली निम्मी भांडणं त्यांनी अशीच मिटवलेली. पण कायदा म्हटला की ते खाकीत शिरायचे. "मग आज मत घेता येत न्हाई," ते मंडळीकडे वळून म्हणाले. "पाळकाची पोरगी असो का कलेक्टरची. कायदा हाय. कुनाला हात वर करायचा असंल तर करा, मी मोजनार न्हाई." एकाही बाकावर हात हलला नाही. आईचाही नाही, ते मी पाहिलं. तिला खोटं चाललं असतं, पण ते मी बोललेलं; तिने स्वतः नव्हे.

साहेबांनी वाकून विचारलं काय झालं. सेक्रेटरींनी खरं तेच सांगितलं. इतक्या झटपट दुसरं काही सुचलं नसावं. साहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हवालदारांचा हात दोन्ही हातांत धरला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते जे बोलले ते सेक्रेटरींनी वाक्यावाक्याने मराठीत सांगितलं: मी देशोदेशी फिरलो. आमच्यासाठी मांडलेले सोहळे मी पुष्कळ पाहिले, आणि मला ते ओळखू येतात. पण आमच्या तोंडावर नाही म्हणणारी मंडळी मी आज पहिल्यांदा पाहिली. ज्या मंडळीला आम्हाला नाही म्हणता येतं, तिला आता आमच्या आधाराची गरज उरलेली नाही. ती आपल्या पायांवर उभी आहे. यासाठीच तर आमचे पूर्वज इथं आले होते. जगात कुठे कुठे नवी दारं उघडली आहेत, तिथं आता काम सुरू करायचं आहे. इथलं बोर्डिंग आम्ही अभिमानाने तुमच्या हाती सोपवतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे साहेब थांबले की टाळ्या वाजवायची पद्धत होती. कौतुकाने बंद पडलेली संस्था मी त्याआधी पाहिली नव्हती.

आई मात्र उभी राहिली. "साहेब, आम्ही बाप्तिस्म्याला नाही म्हटलंय. बोर्डिंगला नाही म्हटलेलं नाही."

सेक्रेटरींनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. "हाती सोपवता म्हणजे धान्य कुठून आणायचं? कधीपर्यंत आहे?"

"एकदम नाही, बाई. वर्षअखेरपर्यंत सगळं तसंच चालेल."

"कुणाच्या वर्षाच्या? शाळेच्या की तुमच्या?"

सेक्रेटरींनी डायरी चाळली. "मंडळाचं वर्ष डिसेंबरला संपतं."

"आणि परीक्षा मार्चला असते."

हे साहेबांना समजावून सांगण्यात आलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते म्हणाले, मी परत गेल्यावर समितीपुढे हा मुद्दा नक्की मांडेन. त्यांनी मांडलाही असेल. लोक मला विचारतात, त्या उत्तराचा पश्चात्ताप होतो का. होत नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

रविवारी पाहुणे झाड लावून गेले. सोमवारी दुपारी आईने चर्चचं दार उघडलं आणि म्हणाली, "हौद उपसा." बाबा पहिल्या बाकावर बसले होते. ते एवढंच म्हणाले की चर्चमध्ये डोकी धुवायची नाहीत. आई म्हणाली, बाहेर धुतील. मुलींनी हौदापासून कडुनिंबापर्यंत रांग धरली आणि बादल्या हातोहात निघाल्या. कित्येक आठवड्यांनी त्या केसांवरून आंघोळ करणार होत्या. इतका गलका त्या इमारतीने कुठल्याच नाताळला ऐकला नसेल. पाणी खाली गेलं तसा काठावरून हात पोचेना, तेव्हा मंगल पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि खालून बादल्या भरून देऊ लागली. देता देता तिला काय वाटलं कोण जाणे. तिने नाक दाबलं आणि सबंध बुडी मारली. वर आली तेव्हा वेणीतून पाणी गळत होतं. "झाले का मी तुमच्यातली?"

चर्चच्या मालमत्तेवर देखरेख म्हणून हवालदार काठाशी उभे होते. सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "कुनाच्या सांगन्यावरून उतरलीस?"

"कुनाच्या बी न्हाई, काका. माझ्या मनानं. लई गार हाय!"

सगळे हसले. हवालदारसुद्धा. बाबा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग त्यांनी चेहरा उपरण्यात धरला तो बराच वेळ काढला नाही.

दिवाळीला मुली घरी गेल्या आणि फराळाबरोबर ही गंमतही गावोगाव गेली. तोवर आईने ठरवून टाकलं होतं: डिसेंबरात बोर्डिंग बंद झालं तर मंगल मार्चपर्यंत आमच्या घरात राहील, स्वयंपाकघरात खाट टाकू. दिवाळीनंतर एके सकाळी किसन आला. एरवी तो मंगलला सोडायला यायचा. या वेळी तो एकटा होता आणि तिची पेटी न्यायला आला होता. मंगल फाटकाबाहेर, मुकादमाच्या ट्रकपाशी उभी होती. किसन ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला, "बाई, पोरगी बुडवली म्हनं तुमी."

आईने हवालदारांना बोलावून घेतलं. त्यांनी येताना कोट घातला. साक्षीदारासारखे उभे राहून त्यांनी सांगितलं की सदर मुलीने बाप्तिस्मा मागितला नव्हता, सभा नव्हती, मत नव्हतं, पाळकांनी हात लावला नव्हता. सबब आमच्या कायद्यानं तो बाप्तिस्मा नव्हेच, नुसती आंघोळ.

किसनने सगळं शांतपणे ऐकलं. "ते तुमच्यात झालं, हवालदार. आमच्या गावात पोरगी चर्चातल्या हौदात बुडाली म्हंजी बुडाली. सोयरीक जुळवताना पयलं हेच इचारतील."

"तिची परीक्षा, किसनराव," आई म्हणाली. "एवढी तीन-चार महिन्यांची गोष्ट. मी माझ्या घरात ठेवते. वेगळी खाट देते. भांडी वेगळी देते, हवं तर." आई कुणापुढे असं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"तुमच्यावर इस्वास हाय माझा, बाई. गावावर न्हाई. बोर्डिंग हाय तवर सांगता येतंय, शाळंचं हाय म्हनून. डिसेंबरानंतर तुमच्या घरात ठिवली म्हंजी काय सांगू?"

तो वाईट माणूस नव्हता. या सगळ्या हकिगतीत वाईट माणूस नव्हता, हीच माझी खरी तक्रार आहे. एखादा असता तर मला इतकी वर्षं त्याच्यावर रागावून तरी काढता आली असती.

आई आत गेली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तिने लक्ष दिलं नाही. कपाटातून माझा पांढरा झगा काढला, मशीनवर बसली आणि त्याचा खालचा काठ उसवायला लागली. खडे एकेक करून ताटलीत पडत होते. उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते; फडातल्या बायका लुगड्यावर पुरुषी, लांब बाह्यांचे सदरे घालतात. आईने झगा वर दुमडून गुडघ्यापर्यंत शिवला, बाह्या मनगटाशी आवळल्या, गळ्याला बटण लावलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. झगा चर्चच्या कामाचा होता, तरी त्यांनी उसवू दिला. मग स्वतःच पेटी उचलून फाटकापर्यंत गेले.

मंगलने सदरा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. "पांढरा कशाला, बाई? उसात दोन दिसांत काळा हुतोय."

"होऊ दे," आई म्हणाली. "अंगाला लागणार नाही."

मंगलने तो तिथंच, झंपरावर चढवला. मला म्हणाली, "बाकावर माझ्या जागी त्या शेंबड्या सुमनला बशीवू नको." आणि चाकावर पाय देऊन ट्रकमध्ये चढली. डिसेंबर संपला तेव्हा बोर्डिंगला कुलूप लागलं. रुळाचा तुकडा अजून कडुनिंबाला आहे म्हणतात.

ती मला त्यानंतर एकदाच भेटली, पुष्कळ वर्षांनी, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात. मी आईला घेऊन गेले होते, ती सासूला. आधी तिनेच ओळखलं. आईचे हात हातात घेऊन म्हणाली की सदरा चांगला तीन हंगाम टिकला, फक्त काठात एक खडा तसाच राहिला होता, मोळी उचलताना मांडीला लागायचा. काढला का नाही, म्हणून आईने विचारलं. ती म्हणाली, काढायचं रोज ठरवायचे. मग माझ्याकडे वळून, "उतरलीस का ग मंग पान्यात?"

"उतरले," मी म्हणाले. "उशिरा. पुण्यात. माझ्या मनाने."

"गार हुतं?"

"नाही. तिथल्या हौदाला गिझर आहे."

ती हसायला लागली. ओळीतले लोक वळून बघायला लागले तरी थांबेना. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंग ते बुडनं कशाचं, शीले."